सत्तरावा होमरन

१९४८ सालची गोष्ट. टेक्सास राज्यातल्या अॅबिलीनमध्ये बेसबॉलचा सामना चालू आहे. पाहुण्या संघाचा बॉब क्रूज बॅट फिरवतो. चेंडू लांब जातो, धावफलकावर आदळतो आणि उसळून मैदानात परत येतो. आता हा होमरन धरायचा की नाही? पंच म्हणतात, नाही, चेंडू अजून खेळात आहे. खेळ पुढे सुरू होतो.

तो हंगाम संपला तेव्हा क्रूजच्या नावावर ६९ होमरन होते. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलच्या नोंदींमध्ये एका हंगामात त्याहून जास्त कुणाचेच नव्हते. बरोबरीला एकच जण होता, १९३३ साली मिनियापोलिसकडून ६९ मारणारा जो हाउझर. अॅबिलीनचा तो एक चेंडू परत आला नसता, तर क्रूज त्या यादीत एकटाच वर बसला असता.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. होमरन म्हणजे साधारण आपला षटकार. चेंडू कुंपणापलीकडे जातो आणि फलंदाज सगळ्या तळांना शिवून आरामात परत येतो. फरक असा की बेसबॉलमध्ये ही गोष्ट फार दुर्मीळ. १९४८ साली मेजर लीगमधला, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा, एका हंगामातला विक्रम होता ६० होमरनचा. तो बेब रूथने १९२७ साली केलेला. दुसरा आकडा असतो तो फलंदाजाच्या फटक्यांमुळे संघाच्या खात्यात आलेल्या धावांचा. यात मेजर लीगमधला विक्रम हॅक विल्सनचा, १९३० सालचा, १९१ धावांचा. तो आजही मोडलेला नाही. क्रूजने १९४८ मध्ये १४० सामन्यांत अशा २५४ धावा काढून दिल्या. सरासरी .४०४. बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाज चांगला समजला जातो. हा दहापैकी चार वेळा यशस्वी होत होता.

रात्री फोनवर कुठलेतरी विक्रम चाळताना मी हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा माझ्या डोक्यात लगेच एक प्रश्न आला. मग हा मेजर लीगमध्ये का गेला नाही?

या लेखाचा विषय हा ‘मग’ आहे.

शिडीची खालून दुसरी पायरी

क्रूज मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. तो खेळत होता वेस्ट टेक्सास-न्यू मेक्सिको लीगमध्ये. ही मायनर लीग. त्या काळी मायनर लीगच्या सहा पायऱ्या होत्या: ट्रिपल-ए, डबल-ए, ए, बी, सी आणि डी. क्रूजची लीग ‘सी’ दर्जाची, म्हणजे खालून दुसरी.

ती शिडी किती रुंद होती हेही पाहायला हवं. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत छोट्या गावांच्या बेसबॉलला उधाण आलं. १९४९ साली देशभरात मिळून ५९ मायनर लीग होत्या, चारशेहून जास्त संघ होते आणि वर्षभरात तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांची संख्या चार कोटींच्या आसपास होती. वर मेजर लीगमध्ये संघ किती? सोळा. म्हणजे जेमतेम चारशे जागा. हजारो खेळाडू आणि चारशे खुर्च्या. त्यातल्या बहुतेकांना वर जागा मिळणार नाही, हे पहिला चेंडू टाकण्याआधीच ठरलेलं होतं.

क्रूजची सुरुवात पिचर म्हणून झाली होती. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, संघातला सगळ्यात महागडा हात. तो हात दुखावला. मग तो आउटफिल्डर झाला, कुंपणाजवळ उभं राहून उंच चेंडू पकडणारा, आणि बॅटवर जगू लागला. मध्ये युद्ध आलं, त्याची लीग १९४३ ते १९४५ बंद राहिली. १९४८ चा तो हंगाम आला तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर होता. तिशीला टेकलेल्या ‘सी’ दर्जाच्या खेळाडूसाठी वरच्या क्लबांचे लोक गाड्या काढून टेक्सासच्या धुळीत येत नसत. त्यांना अठरा-एकोणीस वर्षांची पोरं हवी असायची.

त्याचं गाव अमारिलो, संघाचं नाव गोल्ड सॉक्स. समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटर उंचीवरचं सपाट, कोरडं, वारं वाहणारं पठार. अशा हवेत चेंडू लांब जातो. या भागातल्या मैदानांवर एक मजेशीर पद्धत होती. प्रेक्षकांसमोर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी असायची. कुणी होमरन मारला की लोक त्या जाळीच्या भोकांतून डॉलरच्या नोटा बाहेर सरकवत. मग खेळाडू जाळीच्या कडेने चालत त्या नोटा गोळा करायचा. तमाशाच्या फडात दौलतजादा होतो, तसंच काहीसं. पगार तुटपुंजा, प्रवास बसचा. त्या नोटांवर अनेकांचा महिना निघायचा.

अमारिलोत १९४६ आणि १९४७ साली क्रूजच्या सोबत जो बाउमन नावाचा एक धिप्पाड खेळाडू होता. त्यानेच पुढे १९५४ साली न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेल गावाकडून ७२ होमरन मारून हाउझर आणि क्रूजचा विक्रम मोडला. त्याचा ७२ चा आकडा २००१ साली बॅरी बाँड्सने ७३ होमरन मारेपर्यंत टिकला. बाउमनही मेजर लीगमध्ये कधी खेळला नाही. रॉझवेलमध्ये त्याचा पेट्रोल पंप होता.

एक फलक, एक कर्णधार, एक भिंत

आता प्रश्नाकडे वळू. क्रूजच्या बाबतीत नेमकं काय हुकलं, आणि त्याचा दोष कुणाला द्यायचा?

अॅबिलीनच्या फटक्याचं उत्तर सोपं आहे. तिथे नशीब आडवं आलं. फटका तोच, ताकद तीच, डोळ्यांचा अंदाज तोच, पण एका गावात फळी एका विशिष्ट जागी ठोकलेली होती. पंच चुकले असतीलही, पण पंचांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७० च्या दशकात अशा गोष्टींवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं: माणसाच्या हातात जेवढं आहे तेवढ्यावरच त्याला जोखावं असं आपण तोंडाने म्हणतो, पण प्रत्यक्षात त्याच्या हातात नसलेल्या परिणामांवरूनच त्याला जोखत राहतो. ते बोलत होते नैतिक दोषाबद्दल. पण कौतुकाचंही तेच होतं. ७० मारणारा लक्षात राहतो, ६९ वाला ‘आणखी एक जण’ होतो.

याच वर्षातली, १९४८ च्याच डिसेंबरातली, पुण्यातली गोष्ट आठवा. महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध रणजी सामना खेळताना कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम मोडायला आणखी दहा धावा हव्या होत्या. काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. अमारिलो आणि पुणे यांचा काही संबंध नाही, योगायोगाने वर्ष तेवढं एक. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. अॅबिलीनला आड आला तो निर्जीव फलक. पुण्याला आड आला तो एका माणसाचा कोतेपणा. फलकावर रागावण्यात अर्थ नाही. माणसावर रागावता येतं, कारण तो वेगळं वागू शकला असता.

तिसरी गोष्ट याहून जड आहे. मी वर लिहिलं की नोंदींमध्ये त्याहून जास्त होमरन कुणाचेच नव्हते. कुठल्या नोंदींमध्ये? त्या नोंदी होत्या गोऱ्या खेळाडूंच्या बेसबॉलच्या. काळ्या खेळाडूंना तिथे दार बंद होतं. त्यांच्या वेगळ्या लीग होत्या, निग्रो लीग्ज. त्यातला जॉश गिब्सन हा अनेकांच्या मते त्या काळातला सर्वात ताकदवान फलंदाज. जानेवारी १९४७ मध्ये तो वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. त्यानंतर तीन महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानावर उतरला आणि दार किलकिलं झालं. क्रूजची लीग १९४८ सालीही फक्त गोऱ्यांचीच होती.

म्हणजे क्रूज स्वतः शिडीच्या खालच्या पायरीवर होता आणि तरीही ती शिडी चढायला मिळणं हाच त्याचा एक विशेषाधिकार होता. गिब्सनला शिडीला हातही लावू दिला नव्हता. २०२४ साली मेजर लीगने निग्रो लीग्जचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत मिळवले. तेव्हा कारकिर्दीतल्या सरासरीच्या यादीत गिब्सन .३७२ सह सगळ्यात वर आला. मृत्यूनंतर ७७ वर्षांनी. ही दुरुस्ती गरजेचीच होती, पण ती झाली कागदावर. ज्या दुपारी त्याला त्या मैदानावर उभं राहू दिलं नाही, त्या दुपारी परत आल्या नाहीत.

नशीब, कोतेपणा आणि अन्याय. तिन्हींचा परिणाम वरून सारखाच दिसतो: माणूस जिथे पोहोचायला हवा होता तिथे पोहोचला नाही. पण तिन्हींना एकच उत्तर देणं चूक आहे. नशिबाला ‘असू दे’ म्हणता येतं. कोतेपणाला नाव ठेवता येतं. अन्यायाला मात्र ‘असू दे’ म्हणण्याचा अधिकार, ज्याच्यावर तो झाला नाही त्याला, अजिबात नाही.

वाया गेलं म्हणजे काय?

‘एवढं टॅलेंट, वाया गेलं.’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! क्रूजबद्दलही तेच म्हणावंसं वाटतं. २५४ धावा, आणि त्या कुठे? अमारिलोत, अॅबिलीनला, बसने जोडलेल्या आणखी चार गावांत.

इथे अॅरिस्टॉटलने केलेला एक जुना भेद उपयोगी पडतो. काही कृती घर बांधण्यासारख्या असतात, असं तो सांगतो. घर पूर्ण झालं की कृती पूर्ण झाली. अर्ध्यात थांबली तर हातात अर्धवट भिंती उरतात. काही कृती मात्र पाहण्यासारख्या असतात. तुम्ही समुद्र पाहता तेव्हा ते पाहणं त्या क्षणीच पुरतं असतं. उद्या पाहता आलं नाही, तरी आजचं पाहणं अपुरं ठरत नाही.

करिअर हा शब्द आपण नेहमी घरासारखा वापरतो. पाया, मजला, मग वरचा मजला. त्या हिशोबाने क्रूज म्हणजे दुसऱ्या मजल्यावर थांबलेलं बांधकाम. पण बॅटच्या बरोबर मध्यावर चेंडू बसणं ही दुसऱ्या प्रकारची गोष्ट आहे. गल्लीत का होईना, ज्याने एकदा तरी चेंडू मधोमध मारला आहे त्याला ठाऊक असतं की मनगटाला तेव्हा काहीच जाणवत नाही, झटका नाही, थरथर नाही, चेंडू आपोआप गेल्यासारखा जातो. तो क्षण ‘सी’ दर्जाचा नसतो. दर्जा लीगला असतो.

यावर तीन आक्षेप येतील, आणि तिन्ही मला खरे वाटतात. म्हणून एकेक घेतो.

पहिला: समोरचे पिचर सामान्य होते, हवा विरळ होती, मग या आकड्यांना किंमत काय? बरोबर आहे. क्रूज मेजर लीगमध्ये गेला असता तर त्याने ६९ मारले नसते, कदाचित टिकलाही नसता. पण हीच कसोटी सगळ्यांना लावा. बेब रूथने ६० मारले तेव्हा त्याला एकाही काळ्या पिचरचा सामना करावा लागला नव्हता. त्याच्या पराक्रमाभोवतीही एक कुंपण होतंच, फक्त ते कुणी मोजलं नाही. प्रत्येक विक्रम कुठल्यातरी हवेत, कुणासमोर तरी, कुणाला तरी बाहेर ठेवून झालेला असतो. क्रूजचे आकडे मेजर लीगच्या पारड्यात टाकून त्याला महान ठरवायचं नाही. पण त्यांना शून्यही म्हणता येत नाही.

दुसरा: हे सगळं हरलेल्यांचं सांत्वन आहे, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. वर जाता आलं नाही की ‘खालीच मजा’ म्हणायचं. हा धोका खरा आहे. पण खालीच मजा होती, असं मी म्हणत नाहीये. क्रूजला वर जायचं नव्हतं असं मानायला काहीच कारण नाही. निष्काम कर्माचा दाखला देणारा एखादा फॉरवर्डही मला येईल, पण तोही इथे नीट बसत नाही. जाळीतून नोटा गोळा करणारा माणूस फळाची अपेक्षा ठेवूनच खेळत होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. माणसाला वर जायची आस असू शकते, ती अपुरी राहू शकते, त्याचं दुःखही होऊ शकतं, आणि तरीही त्याने खाली जे केलं ते पुरतं असू शकतं. या गोष्टी एकत्र राहू शकतात. एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर. ‘आहे तिथे समाधान मान’ हे वाक्य नेहमी कोण कुणाला सांगतं? आपल्या समाजाला हे वेगळं समजावून द्यायला नको. पिढ्यान् पिढ्या वरच्या माणसांनी खालच्यांना हेच सांगितलं आहे. बेसबॉलमध्ये तर त्याला कायद्याची मदत होती. तेव्हाच्या करारात एक कलम असायचं, त्यानुसार खेळाडू वर्षानुवर्षं त्याच क्लबला बांधलेला राहायचा. क्लब त्याला विकू शकायचा, खाली ढकलू शकायचा. तो मात्र स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नव्हता. जॉर्ज टूलसन नावाच्या पिचरला न्यूयॉर्क यांकीजच्या व्यवस्थेत ट्रिपल-ए मधून खालच्या दर्जाच्या संघात पाठवलं, तेव्हा तो गेला नाही, न्यायालयात गेला. १९५३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. ते कलम खऱ्या अर्थाने खिळखिळं झालं १९७५ च्या डिसेंबरमध्ये, एका लवादाच्या निर्णयाने. तोवर क्रूजच्या पिढीचं खेळणं कधीच संपलेलं होतं.

म्हणून माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. छोट्या जागी केलेलं काम पुरतं असतं, हे माणसाने स्वतःच्या कामाबद्दल म्हणावं, किंवा कौतुकाने दुसऱ्याच्या कामाबद्दल म्हणावं. शिडीच्या मालकाने ते म्हणू नये. त्याच्या तोंडी गेलं की तेच वाक्य कुलूप बनतं. गिब्सनने तारेच्या कुंपणाआड मारलेला प्रत्येक फटका पुरता होता, आणि त्याला कुंपणाआड ठेवणं हा गुन्हाच होता. पहिलं वाक्य दुसऱ्याला सूट देत नाही.

‘मग’चं काय करायचं?

पुढे काय झालं ते पटकन सांगतो. क्रूज आणखी काही वर्षं त्याच पट्ट्यातल्या छोट्या संघांकडून खेळला आणि १९५० च्या दशकात थांबला. टीव्ही घराघरांत आला. संध्याकाळी धुळीत लाकडी बाकांवर बसण्याऐवजी लोक गार खोलीत बसून मोठ्या शहरांतले सामने पाहू लागले. छोट्या लीग एकामागून एक बंद पडल्या. वेस्ट टेक्सास-न्यू मेक्सिको लीग १९५५ च्या हंगामानंतर संपली. क्रूज १९८६ साली गेला. आता तो कुठल्याकुठल्या विक्रमांच्या यादीत एका ओळीत राहतो.

आपल्यापैकी बहुतेकांचं आयुष्य ‘सी’ दर्जाच्या लीगमध्ये जाणार आहे. हे निराशेने म्हणत नाही, हा साधा हिशोब आहे: हजारो उमेदवार, चारशे जागा. परीक्षेच्या यादीत, कंपनीच्या तक्त्यात, यूट्यूबच्या सबस्क्राइबरांत हेच गणित आहे. आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी विचारतं, ‘मग पुढे काय?’ आपण चांगलं गातो असं सांगितलं की ‘मग एखाद्या शोमध्ये का जात नाहीस?’ शाळेत चांगलं शिकवतो म्हटलं की ‘मग स्वतःचा क्लास का काढत नाहीस?’ विचारणारा वाईट नसतो. पण त्या प्रश्नात असं गृहीत धरलेलं असतं की आत्ता जे घडतंय ती फक्त तयारी आहे, खरा खेळ दुसरीकडे कुठेतरी चालू आहे.

अमारिलोच्या जाळीमागे बसलेल्या माणसांना तसं वाटत नव्हतं. दिवसभर राबून आलेली माणसं ती. त्यांच्यासमोर एक माणूस बॅट फिरवत होता, चेंडू अंधारात दिव्यांच्या पलीकडे जात होता, आणि ती खिशातून नोट काढून तारेतून पुढे सरकवत होती. न्यूयॉर्कमध्ये याचं काय होईल, असा विचार करून नोट देत नाही कुणी. समोर जे झालं त्याची ती पावती असते.

त्या रात्री मीही क्रूजला ‘मग’ विचारून मोकळा झालो होतो. आज तो भेटला असता तर मेजर लीगचं नाव मी काढलं नसतं. एवढंच विचारलं असतं: अॅबिलीनला फलकावर आदळलेला तो चेंडू, तो बॅटच्या बरोबर मध्यावर बसला होता ना?